मंडळाचा टी-शर्ट कुणी शिवला? कोल्हापुरातल्या एका शिलाई शेडचं प्रकरण

माणसं आणि जागा ओळखू येऊ नयेत म्हणून या लेखातले काही तपशील बदलले आहेत. काय घडलं, कुणी काय ठरवलं आणि आमचं कुठं चुकलं, ते मात्र जसंच्या तसं आहे.

पार्श्वभूमी

असंघटित कामगारांचे सरकारी फॉर्म भरून देणं हे माझं रोजचं काम. ज्येष्ठ संपत आला होता. एका दुपारी चाळिशीतली एक बाई ई-श्रम कार्डासाठी आली. उजव्या हाताच्या बोटाला तिनं मरून रंगाच्या रिबची चिंधी गुंडाळली होती. टी-शर्टच्या गळ्याला लावतात ती रिब. ठसा घेण्यासाठी चिंधी सोडायला सांगितली, तर नखातून आरपार सुई गेलेली. कधी लागलं? "परवा रात्री." दवाखान्यात गेला होता? "बंडल पुरं केलं आणि मग गेलो." आमच्याकडं बायकाही 'गेलो', 'आलो' असंच म्हणतात. चिंधी गुंडाळली होती ती रक्त थांबावं म्हणून नव्हे, पिसाला, म्हणजे शिवायच्या टी-शर्टला, डाग लागू नये म्हणून. डागाच्या पिसाचे पैसे तिच्या हिशेबातून कापले जायचे.

मालकाचं नाव विचारलं तर म्हणाली, "नगं लिहू ताई. माणूस वंगाळ न्हाई."

ही शेड शहरातल्या एका जुन्या पेठेत, दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर. मशीनवर 16 बायका, धागा कापायला आणि पॅकिंगला 5, शिवाय एक कटिंग मास्तर आणि हीट प्रेसवर (टी-शर्टवर नाव-चित्र तापवून छापायचं यंत्र) एक पोरगा. काम वर्षभर असायचं, पण खरा हंगाम तीन वेळा: शाहू स्टेडियमवर फुटबॉल सुरू होताना तालमींच्या जर्सी (इथं तालीम म्हणजे पेठेचं मंडळ, फुटबॉल संघही त्याचाच), मग शिवजयंती, आणि सगळ्यात मोठा गणेशोत्सव. कोल्हापुरात विसर्जन मिरवणुकीत एका रंगाचे टी-शर्ट नसलेलं मंडळ शोधावं लागेल. ते टी-शर्ट कुठून येतात, हा प्रश्न मलाही तोवर कधी पडला नव्हता. माझ्या घरातही दोन पडलेत.

अडचण नेमकी काय होती

मजुरी नगावर. गोल गळ्याला 7 रुपये, कॉलरला 12. हात चालणारी बाई दहा तासांत गोल गळ्याचे चाळीस काढायची. बॉबिन भरणं, तुटलेली सुई बदलणं, लाईट गेली तर बसून राहणं, हे सगळं तिच्याच वेळेतून. शाळा सुरू होताना बहुतेकींनी दहा-पंधरा हजारांची उचल घेतलेली. उचल अंगावर असली की शेड सोडता येत नाही आणि भावावरून बोलताही येत नाही.

श्रावण लागला की रात्री एक वाजेपर्यंत काम चालायचं. रविवार नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळं 10 जून 1890 पासून रविवारची सुट्टी मिळाली. आमच्या पेठेतल्या या बायकांना हंगामात तीही नव्हती. शेडला संडास नव्हता. शेजारच्या चहावाल्याकडं जायचं आणि तो नऊला बंद करायचा. म्हणून संध्याकाळनंतर बायका पाणीच पीत नव्हत्या.

पण मला झोप लागू दिली नाही ती दुसऱ्याच गोष्टीनं. रात्री आठनंतर शटर बाहेरून खाली ओढून कुलूप घातलं जायचं. मालकाचं म्हणणं, बायामाणसं आहेत, रात्री कुणी आत शिरू नये. मागचं दार होतं, पण त्याला कापडाचे तागे लावून ठेवलेले. आत लोकरीसारखा उडणारा धाग्याचा भुगा, एका बोर्डावर चार-चार वायरी आणि तापलेली हीट प्रेस. न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात 25 मार्च 1911 ला आग लागली आणि 146 कामगार गेले. त्यात बहुतेक तरुण मुली होत्या, आणि बाहेर पडायचं एक दार कुलूपबंद होतं. शंभर वर्षांनंतर तेच कुलूप मी मिरजकर तिकटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर पाहत होते.

कायदा कुठं लागतो, कुठं अडतो

कागदावर ही एक शेड नव्हतीच. परवाने तीन होते: मालकाच्या, बायकोच्या आणि भावाच्या नावावर. प्रत्येकात दहाच्या आत माणसं. त्याचं कारण सरळ आहे. दहापेक्षा कमी कामगार असतील तर महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात नुसती सूचना दिली की भागायचं. ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याची, अटही 10 कामगारांची, पीएफची 20 ची. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी कारखाना कायदा मूळचा 10 कामगारांना लागायचा, तो आकडा राज्यानं 20 केला. म्हणजे भिंती न घालता नुसत्या कागदावर शेड तीन ठिकाणी कापली की एवढं सगळं टळतं.

एक गोष्ट मात्र टळत नाही, आणि ती बायकांना सोडाच, आमच्यातल्या निम्म्यांनाही माहीत नव्हती. किमान वेतन मिळण्यासाठी कामगारांच्या संख्येची अट नाही. आणि नगावर काम असलं तरी दिवसाच्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. 1948 च्या किमान वेतन अधिनियमाच्या कलम 17 मध्ये हे स्पष्ट होतं. दरपत्रक घेऊन आम्ही हिशेब मांडला तेव्हा रात्रीचे तास न धरताही मजुरी कमी पडत होती. मात्र त्या कायद्यात दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागायचा आणि तासांचा लेखी पुरावा कुणाकडंच नव्हता. (21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी वेतन संहिता, 2019 आली आहे आणि दाव्याची मुदत तीन वर्षं झाली आहे. आमच्या वेळी ती सोय नव्हती.)

समोरचे पर्याय

पहिला, कामगार खात्यात तक्रार. रास्त मार्ग, पण त्यासाठी नावं द्यावी लागणार होती आणि उचल अंगावर असलेली बाई नाव देत नाही.

दुसरा, युनियन. नोंदणीच्या अर्जाला सात सह्या लागतात. सात बायका मिळाल्याही असत्या. पण त्यांची भीती वेगळी होती: मालक शेड बंद करेल आणि सगळी ऑर्डर तमिळनाडूतल्या तिरुपूरहून तयार माल आणून भागवेल. ही भीती खोटी नव्हती.

तिसरा पर्याय आमच्याबरोबरच्या कॉलेजच्या पोरांना सगळ्यात जवळचा: शेडचं नाव जाहीर करायचं आणि बहिष्कार घालायचा. बिंदू चौकात उभं राहून बोलणाऱ्यांचं हे गाव. टोलच्या विरोधात अख्खं कोल्हापूर रस्त्यावर आलं होतं आणि डिसेंबर 2015 मध्ये तो टोल गेला. पण तिथं समोर बाहेरची कंपनी होती. इथला मालक याच पेठेत वाढलेला, याच तालमीत खेळलेला. आणि बहिष्कारानं काय होतं याचा एक कडू धडा बांगलादेशात मिळालेला आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बालमजुरांनी शिवलेले कपडे अडवण्याचं विधेयक अमेरिकेत नुसतं मांडलं गेलं, तर तिथल्या कारखानदारांनी घाबरून हजारो मुलांना रातोरात काढून टाकलं. युनिसेफच्या 1997 च्या अहवालानुसार त्यातली कितीतरी मुलं दगड फोडण्यासारख्या आणखी वाईट कामाला लागली. माल नाकारला की सगळ्यात आधी शिवणाऱ्याचं पोट जातं.

चौथा पर्याय सुचला तो एका बाईच्या साध्या प्रश्नातून. "आमचं कोण ऐकणार? पण मंडळाचं तर मालकाला ऐकावंच लागतंय की." गिऱ्हाईक परदेशात नव्हतं. मिरवणुकीत आमच्याच पुढं नाचत होतं.

काय केलं

आषाढातल्या एका शुक्रवारी त्र्यंबोलीच्या यात्रेच्या निमित्तानं बायका टेकडीवर भेटल्या. यात्रेला गेलेल्या बाईला कुणी विचारत नाही, कुठं होतीस म्हणून. मशीनवरच्या 14 जणी आल्या. धागा कापणाऱ्यांना बोलावलं नव्हतं. त्या मालकाच्या टेबलाजवळ बसतात, बातमी फुटेल, असं ठरलं आणि मीही मान डोलावली.

निर्णय त्यांनी घ्यायचा होता. चिठ्ठीवर अक्षर ओळखू येतं, म्हणून एका पिशवीत चिंध्या टाकायच्या ठरल्या: थेट तक्रार हवी तर मरून, आधी मंडळांकडून बोलणं हवं तर पांढरी. पांढऱ्या 9 निघाल्या, मरून 5. मला स्वतःला मरून हवी होती. पण पिशवी माझी नव्हती.

त्याच दिवसापासून प्रत्येकीनं घरच्या कॅलेंडरच्या मागं रोजचे तास आणि नग लिहायला घेतले. आमच्या सगळ्या मोहिमेतलं सगळ्यात टिकाऊ काम हेच झालं.

मग मंडळं. आम्ही 11 मंडळांकडं गेलो. बहुतेक ठिकाणी सरबत मिळालं आणि "बघूया" मिळालं. एका तालमीचे जुने पदाधिकारी आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. शाहू मिलमध्ये नोकरी केलेले. शाहू महाराजांनी 1906 मध्ये सुरू केलेली ती मिल 2003 मध्ये बंद पडली, पण आबांच्या बोलण्यात तिचा भोंगा अजून वाजतो. पोरांची चेष्टा-मस्करी चालू होती. आबांनी एवढंच विचारलं, "शटर भाईरनं लावत्यात?" मी हो म्हटलं. "आत किती बायका?" एकवीस. "मी मिलमधी उभा जन्म काढला. भाईरनं कुलूप घातलेलं न्हाई बघितलं कधी." त्यानंतर खोलीत कुणी हसलं नाही. आबांच्या शब्दावर आणखी तीन मंडळं तयार झाली.

चौघांनी मिळून एका कागदावर लिहून दिलं: ऑर्डर महिनाभर आधी द्यायची, निम्मे पैसे ऑर्डरबरोबर आणि उरलेले माल मिळताच. पिसामागं 4 रुपये जादा, त्यातले किमान 3 शिवणारीच्या हातात. बदल्यात दार उघडं, संडासाची सोय, रात्री साडेआठनंतर काम नाही.

दोन अवघड क्षण

पहिला आमच्याच चुकीचा. एका उत्साही पोरानं रात्री शटरच्या फटीतून फोटो काढला आणि तीन-चार ग्रुपवर टाकला. "हे बघा आपल्या टी-शर्टचं वास्तव." आम्ही पळापळ करून तो काढायला लावला, पण तोवर मालकाच्या मेव्हण्याच्या फोनवर पोचला होता. फोटोत दोघींचे चेहरे दिसत होते. दुसऱ्या दिवशी मालकानं दोघींना सांगितलं, "उद्यापासून येऊ नका. आणि उचल फेडा." त्यातली एक ती नखात सुई गेलेली बाई.

तिच्या घरी गेले तेव्हा ती चूल सारवत होती. तिनं मला बसायला पाट दिला, चहा दिला, एक शब्द वाकडा बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. फोटो कुणी, कधी, कशाचा काढायचा याचा साधा नियम पहिल्याच बैठकीत करायला हवा होता. आम्ही केला नव्हता.

आता काय, हा दुसरा प्रश्न. पोरं म्हणाली, आता तरी तक्रार करूया. बायकांनी पुन्हा पिशवी घेतली, या वेळी मतं सात-सात अशी फुटली. तेव्हा एकीनं वाट काढली: मजुरीचं राहू दे, दाराचं बोला. मजुरीच्या तक्रारीला कामगाराचं नाव लागतं, दाराच्या तक्रारीला नाही. आग लागली तर वरच्या मजल्यावरची बिऱ्हाडंही जाणार. त्या दोन कुटुंबांनी महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडं अर्ज दिला. पाहणी झाली, आणि दोन दिवसांत तागे हलून मागचं दार मोकळं झालं, शटर अर्धं वर राहू लागलं. एकाही बाईचं नाव कुठं आलं नाही. सगळ्या प्रकरणात माझ्या मते सर्वात शहाणा निर्णय हा, आणि तो शिवणाऱ्या बाईनं सुचवलेला.

त्यानंतर मालक स्वतःहून तालमीत बोलायला आला. तो चिडलेला नव्हता, थकलेला होता. बगलेत लाल कापडी बांधणीची उधारीची वही. "मला काय बोलायचं ते बोला ताई. पण आबा, आधी ह्यातलं पहिलं नाव वाचा."

पहिलं नाव आबांच्याच मंडळाचं होतं. मागच्या गणपतीचे 38,000 रुपये बाकी. खाली पानभर बाकीची मंडळं. वर्गणी जमली की देतो, दिवाळीला देतो, जर्सीच्या ऑर्डरमध्ये वळते करा. त्यात ऑर्डरही उत्सवाच्या आठ-दहा दिवस आधी येणार, कारण रंग ठरत नाही, प्रायोजक ठरत नाही. मग रात्री एक वाजेपर्यंत मशीन चालवल्याशिवाय माल निघणार कसा, आणि हातात पैसा नसताना भाव वाढणार कसा? ढाक्याजवळचं राणा प्लाझा 24 एप्रिल 2013 ला कोसळलं, 1,100 हून जास्त माणसं गेली. तेव्हा मोठ्या ब्रँडांवर हाच ठपका आला होता: भाव पाडायचे, मुदत आवळायची, आणि शिवणाऱ्याचं काय होतं ते बघायचं नाही. आमच्या गल्लीत ते ब्रँड म्हणजे आमचीच मंडळं.

म्हणून कुलूप माफ होतं असं मी म्हणत नाही. कुलूप त्यानंच घातलं होतं, तीन परवानेही त्यानंच काढले होते. पण त्या वहीनंतर बैठकीचा सूर बदलला. आबांनी खजिनदाराला तिथंच फोन लावला आणि आठवड्यात बाकी चुकती झाली. पैसे घ्यायला आलेल्या मालकापुढं आबांनी एकच अट घातली: त्या दोघींना परत बोलवायचं.

निष्पत्ती

त्या गणेशोत्सवात चार मंडळांचे नऊशेच्या आसपास टी-शर्ट ठरल्याप्रमाणं शिवले गेले. गोल गळ्याचा भाव 7 वरून 10 झाला आणि कॉलरचा 12 वरून 15, आणि मालकानं तो बाकीच्या ऑर्डरींनाही लावला. दोन-दोन भाव लावले तर बंडल वाटताना भांडणं होतात, हे त्याचं कारण. संडासासाठी वरच्या बिऱ्हाडाशी महिन्याच्या पैशांवर सोय झाली. दार उघडं राहिलं. शेवटचे तीन दिवस मात्र रात्री अकरापर्यंत काम चाललं, आणि आम्ही ते चालू दिलं.

दोघींपैकी एक परत आली. सुई लागलेली बाई आली नाही. ती आता एका खानावळीत भाकरी थापते. उचलीतले राहिलेले पैसे आम्ही वर्गणी काढून फेडले, ते तिनं हप्त्यानं परत केले. नको म्हटलं तरी केले.

तीन परवाने तसेच आहेत, ईएसआय नाही. पुढच्या वर्षी चारातलं एक मंडळ बाहेरच्या तयार मालाकडं वळलं, पिसाला 20 रुपये वाचतात म्हणून. आणि आम्हाला न सुचलेली एक गोष्ट घडली: साडेआठला शेड बंद झाली तरी घाईच्या दिवसांत बंडलं घरी जाऊ लागली. रात्रीचं काम संपलं नाही, शेडमधून स्वयंपाकघरात गेलं. एका घरी दहा वर्षांची पोरगी आईशेजारी बसून धागे कापताना मी पाहिली.

आज केलं तर काय वेगळं करू

काम सोडावं लागलेल्या बाईसाठी पैसे आधी बाजूला ठेवीन, मग मोहिमेचा पहिला शब्द बोलेन. आम्ही उलट केलं.

आषाढात सुरुवात करणं उशिराचं होतं. मंडळांच्या वार्षिक बैठका होतात, जमाखर्च मांडला जातो, तेव्हा बोललं तर ऑर्डरची तारीख आणि आगाऊ रक्कम ठरावातच घालता येते. नंतर ते एका आबांच्या शब्दावर राहतं, आणि आबांचं वय झालं आहे.

घरी जाणारं बंडल पहिल्या कागदातच धरायला हवं होतं. रात्री काम नाही, असं लिहिलं. कुठं नाही, ते लिहिलं नाही.

आणि धागा कापणाऱ्या पाच जणी. त्या नगावर नाहीत, रोजावर आहेत. त्यामुळं नगाचा भाव वाढला तेव्हा त्यांच्या हातात एक रुपयाही जादा आला नाही. सगळ्यात कमी मजुरी त्यांची, सगळ्यात जास्त वेळ वाकून बसणं त्यांचं, आणि बातमी फुटेल म्हणून आम्ही त्यांनाच बाहेर ठेवलं. पुढच्या आषाढात त्यांच्यातली सगळ्यात थोरली मला त्र्यंबोलीच्या पायऱ्यांवर भेटली. पिशवीतून गुंडाळलेलं कॅलेंडर काढून तिनं माझ्यापुढं उलटं धरलं. मागं पेन्सिलीनं अकरा महिन्यांचे तास लिहिलेले होते, रोजच्या रोज.

"आमाला कुणी सांगितलं न्हवतं," ती म्हणाली. "त्यांचं बघून लिवलं. आता आमची बैठक कवा?"